पिंगयाओची हुंडी

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले भाषण)



कट्ट्याचं काम बघणाऱ्या ताईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘चीनमधलं एक जुनं गाव’ असं सांगितलं. त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही चीनला कधी जाऊन आलात?” गेलो नाही. माझ्या पासपोर्टावर एकच शिक्का आहे, तोही थायलंडचा, आणि ती सहल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्याबरोबरच केलेली आहे. आज सांगणार आहे ते माझ्या नातीने पाहिलेलं आहे, शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत. गावाबद्दलची माहिती मात्र मी नोकरीत असल्यापासून जमेल तशी वाचत आलोय, कारण ते गाव आमच्या धंद्याचं आहे. बँकेच्या.

गावाचं नाव पिंगयाओ. चीनच्या उत्तरेला शान्शी प्रांतात आहे. सभोवती सहा किलोमीटरचा तट, सहा दरवाजे. हा विटांचा तट १३७० साली, मिंग घराण्याच्या सुरुवातीच्या काळात बांधला. आत ठोकून बसवलेली माती आणि बाहेरून वीट, असं त्याचं काम. गावाला ‘कासव’ म्हणतात. दक्षिणेचा दरवाजा डोकं, उत्तरेचा शेपूट, आणि पूर्व-पश्चिमेचे चार म्हणजे पाय. तटावर ७२ बुरूज आणि तीन हजार जंग्या आहेत. कन्फ्यूशियसचे ७२ थोर शिष्य आणि एकूण शिष्य तीन हजार, त्यावरून हे आकडे धरले असं तिथे सांगतात. १९९७ साली युनेस्कोने गावाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आता नातीचं. माझ्या लेकीची ही मुलगी २०१९ साली वैद्यकीय शिक्षणासाठी चीनमधल्या शिजियाझुआंग या शहरात गेली. इथे खाजगी कॉलेजची फी आम्हाला परवडण्यासारखी नव्हती, आणि सरकारी कॉलेजला थोडक्यात नंबर हुकला. शैक्षणिक कर्ज काढलं, जामीनदार म्हणून सही माझी. शिजियाझुआंग हे नाव घरात कोणाला उच्चारता येत नव्हतं, पण मी मूळचा सोलापूरचा असल्यामुळे मला ते माहीत होतं. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी त्या शहरात आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यांतले ते एक. तिथेच त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, तेव्हा वय अवघं बत्तीस. शांतारामबापूंचा सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय. नात पहिल्या सत्रातच समाधीवर फुलं ठेवून आली, आणि मी निश्चिंत झालो, की पोरगी अगदीच परक्या मुलुखात नाही.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारी २०२० मध्ये ती सुट्टीला म्हणून घरी आली ती अडकली. चीनने आपल्या विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा द्यायला सुरुवात केली तोवर २०२२ चा ऑगस्ट उजाडला, आणि ही प्रत्यक्षात पोचली २०२३ च्या सुरुवातीला. मधली सगळी वर्षं मोबाईलच्या पडद्यावर डॉक्टरकी. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत शरीरशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. काहींनी मला जिन्यात विचारलंही, “काका, ह्या डिग्रीला पुढे मान्यता मिळणार का?” प्रश्न बरोबर होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

परत गेल्यावर तिच्याबरोबरच्या काही मुली दुसऱ्या देशांत निघून गेलेल्या. हॉस्पिटलमध्ये रुग्णांशी चिनीतच बोलायचं. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याची बोली वर्गात शिकलेल्या चिनीसारखी नसते. फोनचीही पंचाईत होती. आपलं व्हॉट्सअ‍ॅप तिकडे चालत नाही, त्यांचं वुईचॅट आपल्याकडे बंद. तीच काहीतरी खटपट करून आठवड्यातून एकदा संगणकावर दिसायची. सप्टेंबरात एका रविवारी म्हणाली, “आजोबा, मला परत यायचंय. आई-बाबांना तुम्ही सांगा.”

आमच्या मंडळी शेजारीच होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “ये बाई. खड्ड्यात गेलं ते कर्ज.” जामीनदार गप्प बसला. मग मी म्हटलं, “ये, पण येण्याआधी माझं एक काम कर. पिंगयाओला जाऊन ये. रिशेंगचांग नावाची एक पेढी आहे ती बघ आणि मला सांग.” तिला अडवायचं असं माझ्या मनात नव्हतं. खरं सांगायचं तर ते गाव पाहणारं माझ्या ओळखीचं दुसरं कोणी असणं शक्यच नव्हतं. ती निघूनच आली असती तर ते माझं कायमचं राहिलं असतं. आता याला स्वार्थ म्हणा.

ऑक्टोबरात ती आणि तिची नेपाळची मैत्रीण शनिवारी पहाटे निघाल्या. तिकडे पासपोर्टावरच तिकीट निघतं आणि तोच दाखवून गाडीत बसायचं. शिजियाझुआंगहून तायुआनमार्गे दोन-अडीच तास. वाटेत तायहांग नावाचे डोंगर लागतात. त्यांतून रेल्वेचा बोगदा आहे तो २७ किलोमीटरहून लांब. आपण खंडाळ्याच्या बोगद्यांत एवढे खूश होतो! पिंगयाओचं नवं स्टेशन गावापासून दूर आहे. तिथून बस, आणि तटाच्या आत मोटारी नाहीत, पायी फिरायचं.

आत सुमारे चार हजार जुनी घरं आहेत, मधे चौक आणि भोवती खोल्या, आपल्या वाड्यासारखी. फरक छपरात आहे. बाजूच्या खोल्यांचं छप्पर एकाच बाजूला उतरतं, आतल्या चौकाकडे. म्हणजे पावसाचं पाणी सगळं आपल्याच अंगणात पडलं पाहिजे, बाहेर रस्त्यावर जाता कामा नये. पाणी म्हणजे लक्ष्मी. व्यापाऱ्यांचं गाव, दुसरं काय! मुली उतरल्या होत्या त्या घरात झोपायला ‘कांग’ होता. विटांचा भलामोठा ओटा, खालून चुलीची ऊब फिरते आणि वर अंथरूण. सगळं घर थंडीत त्याच्यावरच बसतं, जेवतं, झोपतं.

जेवणाचं सांगतो, कारण मंडळींनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. पिंगयाओचं गोमांस प्रसिद्ध आहे, ते हिने सोडलं. तिने खाल्लं ते ओटच्या पिठाचं. पिठाच्या पातळ पट्ट्या बोटाभोवती गुंडाळून नळ्या करतात आणि बांबूच्या टोपलीत उभ्या लावून उकडतात. वरून बघितलं तर मधमाश्यांचं पोळं. टोमॅटोच्या रश्शात बुडवून खायचं. शान्शीत व्हिनेगर सगळ्यावर घालतात, आपण लिंबू पिळतो तसं. पैसे सगळीकडे मोबाईलनेच. कोपऱ्यावरचा रताळी भाजणारासुद्धा चौकोनी कोड पुढे करतो. त्यात आता आपल्यालाही नवल राहिलेलं नाही, आपल्या गेटवरचा केळीवालाही तेच करतो.

बाजारपेठेचा रस्ता मात्र नातीला आवडला नाही. लाल कंदील, आठवणीच्या वस्तूंची तीच तीच दुकानं, दर शनिवार-रविवारी माणसांचा लोंढा. तिने तटावरून चालत जाऊन गावाच्या मागच्या गल्ल्या बघितल्या, तिथे अजून माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, कोबीचे ढीग रचतात.

हे गाव उरलं कसं, हे थोडक्यात सांगतो. १९८० च्या सुरुवातीला पिंगयाओतही जुनं पाडून रस्ते रुंद करायचं काम सुरू झालं होतं, काही घरं पडलीही. शांघायच्या तोंगजी विद्यापीठातले रुआन यीसान नावाचे नगररचनेचे प्राध्यापक तिथे गेले, विद्यार्थ्यांना घेऊन राहिले, नवा आराखडा करून दिला, की नवं गाव तटाबाहेर बांधा आणि जुन्याला हात लावू नका. तो मान्य झाला. नाहीतर आज तिथे आपल्यासारख्याच इमारती दिसल्या असत्या. (सचिव माझ्याकडे बघत आहेत. पुनर्विकास हा आजचा विषय नाही, मी पुढे जातो.) तटाचंही दुखणं आहेच. २०२१ च्या ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली तेव्हा एका जागी पंचवीसेक मीटर भाग ढासळला होता. माती आतून भिजली की वीट किती धरणार!

आता पेढी. पश्चिमेच्या रस्त्यावर आहे. बाहेरून अगदी साधी, आत एकामागून एक चौक. रिशेंगचांग या नावात उगवत्या सूर्यासारखी भरभराट असा अर्थ आहे. आता संग्रहालय आहे. मुळात हे रंगाचं दुकान. कापड रंगवण्याचे रंग विकायचे, बीजिंग आणि इतर शहरांत शाखा. शान्शीचे व्यापारी बीजिंगमध्ये कमवायचे आणि वर्षाअखेर चांदी घरी पाठवायची म्हटली की पोटात गोळा. रस्त्यात दरोडेखोर. म्हणून चांदी नेण्यासाठी हत्यारबंद माणसं भाड्याने मिळायची, त्यांच्या मोठमोठ्या कंपन्या होत्या. पिंगयाओत अशा एका कंपनीची कचेरीही दाखवतात. मग ओळखीच्या लोकांनी एक सोय काढली. चांदी बीजिंगच्या रंगाच्या दुकानात भरायची, तिथला माणूस पिंगयाओच्या दुकानाला चिठ्ठी देणार, घरच्यांनी चिठ्ठी दाखवून तेवढी चांदी उचलायची. आधी हे मैत्रीखातर चाले. दुकानाचा कारभारी लेई लुताई याच्या लक्षात आलं की रंगापेक्षा यात जास्त दम आहे. त्याने मालक ली घराण्याला पटवलं आणि १८२३ साली रंगाचा धंदा बाजूला ठेवून पैसे पाठवण्याची पेढी काढली. चीनमधली ही पहिली. आपली बँक ऑफ बॉम्बे निघाली १८४० साली. अर्थात हुंडी आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टनेसुद्धा देशी भाषेतल्या हुंडीचे स्थानिक रिवाज तसेच राहू दिले. तेव्हा चिनी लोकांनी आपल्याला फार काही शिकवलं असं समजू नका. पण त्यांची शिस्त बघण्यासारखी.

माझ्यासारख्याला हे ऐकताना मौज वाटते ती अशी. करन्सी चेस्टहून रोकड आणायला मी जीपमधून गेलोय, पत्र्याच्या पेट्यांवर पाय ठेवून. बरोबर कॅशियर आणि बंदूकवाला शिपाई. त्याची बंदूक कधी उडाली असती असं मला वाटत नाही. शहरांना जोडणारा कागद असला की पेट्या कमी फिरवाव्या लागतात, हा सगळा धंद्याचा गाभा.

आणि कागद आला की बनावट कागद आला. रिशेंगचांगने काय केलं? एक तर खास कागद, त्यात उजेडाला धरला की दिसणारी खूण. हुंडी ठरावीक माणसानेच हाताने लिहायची आणि त्याच्या अक्षराचा नमुना सगळ्या शाखांकडे. आपलं स्पेसिमेन सिग्नेचरचं पुस्तक हेच की! तिसरी गोष्ट सांकेतिक लिपी. बारा महिन्यांसाठी बारा अक्षरं ठरवलेली, तीस दिवसांसाठी तीस, आकड्यांसाठी वेगळी. आणि बारा महिन्यांची ती बारा अक्षरं ओळीने वाचली तर एक वाक्य व्हायचं. अर्थ साधारण असा, की खोट्या हुंडीपासून सावध राहा, अक्षर आणि शिक्का नीट बघायला विसरू नका. कारकुनाला संकेतही पाठ आणि सूचनाही पाठ. ठरावीक काळाने अक्षरं बदलायची.

आमच्या वेळी तारेने पैसे यायचे, टीटी. तारेत एक आकडा असायचा, चेक सिग्नल. तारीख, रक्कम, शाखा यांना कोड बुकात आकडे दिलेले, त्यांची बेरीज जुळली तर पैसे द्यायचे. ते कोड बुक तिजोरीत, दोघांच्या ताब्यात. मी दुपारी दोन वाजता ती बेरीज तीनतीनदा करायचो, समोर शेतकरी उभा, त्याला लग्नाचं सोनं घ्यायचं असायचं. संगणक आले आणि हे सगळं गेलं. नात मला संग्रहालयातून संकेताच्या तक्त्याचे फोटो पाठवत होती आणि मी इकडे बायकोला समजावत होतो. तिने पंधरा मिनिटं ऐकून घेतलं, हेही पुष्कळ.

तिथे एक गोष्ट सांगतात. खरी किती ते सोडा. गावात भीक मागणारी एक म्हातारी एके दिवशी पेढीत आली आणि जीर्ण झालेली हुंडी पुढे केली. बारा हजार ताएलची, तीसेक वर्षांपूर्वीची. एक ताएल म्हणजे आपले तीन तोळे आणि वर थोडं. म्हणजे चारशे किलोहून जास्त चांदी. नवरा परगावी व्यापार करायचा, घरी येताना वाटेत वारला. त्याच्या कपड्याच्या अस्तरात शिवलेला हा कागद तिला इतक्या वर्षांनी सापडला. पेढीने वह्या काढल्या, नोंद जुळली, आणि व्याजासकट पैसे मोजले. पेढीचा लौकिक यावर फार वाढला म्हणतात. नातीला यात पेढीचं कौतुक वाटलं नाही. ती म्हणाली, “आजोबा, तीस वर्षं तो कोट तिने नुसता जवळ ठेवला होता.”

नोकरांच्या खोल्या दाखवतात तिथे ती बराच वेळ थांबली. शिकाऊ पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा घ्यायचे, जामीनदाराशिवाय नाही. (हे ऐकून मी खुर्चीत जरा सरळ बसलो.) दिवसा झाडलोट, चहापाणी, रात्री मणिचौकटीवर हिशेब आणि अक्षर घोटणं. चांगला निघाला की भांडवल न घालता नफ्यात वाटा मिळायचा, आणि मोठ्या कारभाऱ्याच्या मृत्यूनंतरही काही वर्षं तो त्याच्या घरी जायचा. त्या काळात ही मोठी गोष्ट. पण परगावच्या शाखेवर नेमणूक झाली की साधारण तीन वर्षं घरी येणं नाही आणि बायकामुलांना बरोबर नेणं नाही. घरी लिहिलेलं पत्रसुद्धा म्हणे मुख्य कचेरीतून, उघडं जायचं.

त्या रात्री ती पडद्यावर आली ती कांगवर बसून. म्हणाली, “आजोबा, तुम्ही बिहारमध्ये तीन वर्षं होतात ना, एकटे? मग तेव्हा आजी काय करायची?”

मी १९७८ ते ८१ दरभंग्याकडच्या एका शाखेत होतो. तिथली मैथिली कळायला मला वर्ष गेलं. सौ. आणि मुलगी सोलापुरात. हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता, आणि विचारला होता तो मला नव्हताच. मंडळींनी माझ्या हातातून उंदीर काढून घेतला, म्हणजे संगणकाचा, आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. म्हणाल्या, “तुझी आई दोन वर्षांची होती तेव्हा तिला डांग्या खोकला झाला. रात्री खोकताना निळी पडायची. मी एकटीच. ह्यांना कळवलं नाही. कळवून करणार काय होते, दोन दिवस गाडीला, आणि रजा नाही. बरी झाल्यावर पत्रात लिहिलं, सगळं ठीक आहे.”

मला हे त्या रात्री कळलं. पंचेचाळीस वर्षांनी, चीनमधून आलेल्या प्रश्नामुळे.

नातीने विचारलं, “तुला राग नाही आला आजोबांचा?” त्यावर सौ. म्हणाल्या, “आला होता की. दोघींनाही पुरेल इतका आला होता. तुला यायचं असेल तर ये, राहायचं असेल तर राहा, पण बरं नसताना ‘सगळं ठीक आहे’ असं मात्र आम्हाला कळवू नकोस.” मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मागे तिची नेपाळी मैत्रीण व्हिनेगर घातलेलं काहीतरी खात होती, तिने हात हलवला.

दुसऱ्या दिवशी दोघी गावाजवळच्या श्वांगलिन मंदिरात जाऊन आल्या. तिथे रंगवलेल्या मातीच्या शेकडो मूर्ती आहेत, त्यांबद्दल खरं तर वेगळं बोलायला हवं, पण वेळ संपत आलाय. संध्याकाळच्या गाडीने परत. परत येण्याचं ती दिवाळीपर्यंत काही बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही. मधे दोन रविवार ती पडद्यावर ढसाढसा रडली, ते आम्ही दोघांनी बसून बघितलं. सांगितलं तसं वागत होती. नंतर नव्या वर्षाला एकदा म्हणाली, की वॉर्डातल्या एका आजींना तिचं चिनी कळलं, आणि त्यांनी उलट विचारलं, तू जेवलीस का? सध्या तिची इंटर्नशिप चालू आहे. त्यानंतर इथली परीक्षा आहे, आणि ती सोपी नाही. जिन्यात मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मिळेल.

पेढीचं पुढे काय झालं, हे बँकेतल्या मित्रांसाठी सांगून टाकतो. कर्ज द्यायचे ते बहुतेक तारणाशिवाय, माणसाची पत बघून. मालकाची जबाबदारी अमर्याद. १९११ साली क्रांती झाली, शहरं लुटली गेली, कर्जदार बुडाले, ठेवीदार मात्र दारात. नव्या पद्धतीच्या बँकाही तोवर आल्या होत्या. १९१४ साली रिशेंगचांग बंद पडली. नव्वद वर्षं चालली. माणसाची पत बघावी हे खरं, पण सात-बाराही बघावा, असं माझं मत आहे.

सुट्टीत येताना नातीने माझ्यासाठी तिथून हुंडीची नक्कल आणली. छापील आहे, दुकानातली. उजेडाला धरलीत तर काही दिसणार नाही, मी धरून पाहिलंय. आज ती मी इथे टेबलावर ठेवली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी चहाच्या आधी बघा, चहानंतर हात लावू नका. आणि कृपा करून घडी घालू नका.